चादरीपुढची रिकामी खुर्ची

उस्मान गेल्याची बातमी आली तेव्हा मी एका लाकडाच्या वखारीत सागवानी फळ्यांवरून मालकाशी भांडत होतो. आमच्या गल्लीतला शिंपी सायकलवरून आला, खाली उतरलाही नाही, एक पाय जमिनीला टेकवून म्हणाला, "राघूशेठ, फोटोवाले उस्मानभाई वारले. पहाटे. छातीत कफ भरला होता." मी 'बरं' म्हणालो आणि पुन्हा मालकाकडे वळलो. फळ्यांना गाठी होत्या, त्या एकेक बोट ठेवून दाखवल्या, सौदा माझ्या मनासारखा झाला, आणि मग वखारीबाहेर येऊन एका टांग्याचे चाक धरून मी उभा राहिलो... चार वर्षे आम्ही बोलत नव्हतो. समोरासमोर दुकाने, मध्ये दहा हातांचा रस्ता, आणि चार वर्षांत एक शब्द नाही. तो आठ दिवस अंथरुणाला खिळून होता हेही मला त्या दिवशीच कळले. दुकान बंद दिसत होते, मला वाटले कुठे लग्नाचे फोटो काढायला गेला असेल.

कबरस्तानात मी मागे उभा होतो. लोकांनी वाट करून दिली, मी तीन मुठी माती टाकली आणि कोणाशी न बोलता घरी आलो. माझ्यापुरते ते तिथेच मिटले असते. पण तीन आठवड्यांनी त्याच्या नावाने शोकसभा भरली आणि त्या सभेत जे झाले त्यामुळे मी लिहायला बसलो आहे. मी लेखक नाही. आरसे आणि तसबिरींच्या चौकटी विकतो. राग आला की बोलून मोकळा होतो. त्या सभेत बोलायला पाहिजे होते आणि नेमका गप्प बसलो, म्हणून आता लिहितो.

सभा शहरातल्या हौशी फोटोवाल्यांनी भरवली होती. वकील, डॉक्टर, दोनचार मोठे बागाईतदार, ज्यांच्यापाशी विलायती हातकॅमेरे आहेत अशी ही मंडळी. भिंतीवर उस्मानच्या फोटोंची रांग लावलेली. चार वर्षांपूर्वी तो एका जहागीरदारांबरोबर बोटीने कॅरिबियन समुद्रातल्या बेटांच्या सफरीवर गेला होता, तेव्हाचे दहाबारा फोटोही त्यात होते. अध्यक्ष वकीलसाहेब उठले. सभ्य माणूस आहेत, माझे गिऱ्हाईक आहेत. त्यांनी आधी चार चांगले शब्द काढले आणि मग त्या फोटोंकडे छडी करून म्हणाले, "उस्मानभाईंचा हात यात्रेकरूंना सरावलेला. एवढ्या दूरच्या समुद्रावर जाऊनसुद्धा यांनी पाठीमागे चादर टांगली. समुद्र झाकला आणि माणूस काढला. तोही अर्ध्या फोटोत, उरलेल्या अर्ध्यात रिकामी खुर्ची. बोटीच्या डुलण्यात कॅमेरा कुठे रोखावा हे बिचाऱ्यांना उमगले नसावे." सभा हसली. खळखळून हसली. बायकांच्या बाजूला उस्मानची बायको आमिनाभाभी बुरख्यात बसली होती, तिचा नवरा जाऊन एकवीस दिवस झाले होते, आणि सभा हसली. मी हसलो नाही, पण उठलोही नाही. उठणार कोणत्या तोंडाने? तेच वाक्य चार वर्षे मीही म्हणत आलो होतो, आणि वकीलसाहेबांपेक्षा वाईट शब्दांत.

आम्ही दोघे काहीच नसताना एकत्र आलो. मी सायखेड्याहून पंधराव्या वर्षी अंगावरच्या कपड्यांनिशी नाशकात आलो. त्याचा बाप मालेगावचा विणकर, माग बंद पडला म्हणून इकडे आलेला. उस्मान एका म्हाताऱ्या फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याची तिवई उचलून गंगेच्या घाटावर यात्रेकरूंमागे हिंडे, पुढे त्याच म्हाताऱ्याचा कॅमेरा त्याने घेतला. समोरासमोर दोन दुकाने पुढे झाली, आमचे पहिले दुकान एकच होते, मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्यापलीकडे तो फोटो काढी, अलीकडे मी चौकट बसवी. गिऱ्हाईक त्याच्या हातून सुटले की माझ्या हातात सापडे. त्याला भाव सांगता येत नसे. गिऱ्हाईकाने तोंड वाकडे केले की हा लगेच म्हणे, "द्या काय द्यायचं ते." मग मी पडद्याआडून ओरडायचो, "उस्मान, कालच्या पाटलांनी काय दिलं ते सांग त्यांना." काल कोणी पाटील आलेला नसे. गिऱ्हाईक मुकाट्याने पुरा भाव देई. संध्याकाळी उस्मान म्हणे, "शेठ, तुमचे पाटील मला एकदा भेटवा. एवढं दानतीचं माणूस जिल्ह्यात नाही."

एका कामात मात्र त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. ते म्हणजे जोडफोटो. मुलीचे लग्न आहे आणि बाप वारलेला आहे, मुलगा पलटणीत आहे आणि आई झुरते आहे, अशी माणसे येत. उस्मान एकाला खुर्चीवर बसवून शेजारची खुर्ची रिकामी ठेवी. दुसऱ्याचा फोटो वेगळा काढी, किंवा जुन्या फोटोतून घेई, आणि दोन्ही कापून, जोडून, जोडावर बारीक कुंचला फिरवून त्याचा पुन्हा फोटो काढी. जन्मात एकत्र न बसलेली माणसे शेजारी शेजारी बसलेली दिसत. त्याचे नियम कडक होते. उजेड दोघांवर एकाच अंगाने पडला पाहिजे, कॅमेऱ्याचे अंतर तेच, खुर्चीची उंची तीच, आणि पाठीमागे काही म्हणजे काही नको, साधी पांढरी चादर. "मागे झाड आलं की जोड उघडा पडला," तो म्हणे. असले किती जोडफोटो मी स्वतः चौकटीत बसवले. काचेखाली घालण्याआधी नखाने चाचपायचो, जोड कधी लागला नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, म्हणजे माझी चूक किती मोठी होती ते वाचणाऱ्याला कळेल.

जहागीरदारांचे नाव लिहीत नाही. गंगापूर रोडवर त्यांचा बंगला होता. मंदीत आमच्यासारख्यांची दुकाने ओस पडली होती त्या काळात त्यांना प्रकृतीसाठी हवापालट हवा होता, आणि तो विलायतेहून निघणाऱ्या एका सफरीच्या बोटीवर होणार होता. थंडीच्या दिवसांत ऊन खाण्यासाठी साहेब लोक बोटीत बसून त्या बेटांना जातात, आठवडेच्या आठवडे हिंडतात, नाचतात आणि परत येतात. जहागीरदारांना सबंध प्रवासाचा फोटोंचा ग्रंथ करायचा होता. त्यांच्या कारभाऱ्याने उस्मानला बोलावले आणि हा लगेच हो म्हणून आला. काय ठरले विचारले तर म्हणाला, "खायला-प्यायला देणार, शेठ. समुद्र बघायला मिळेल." मी दुसऱ्या दिवशी टोपी घालून बंगल्यावर गेलो. तीन खेपा घातल्या. कारभारी म्हणे, नोकरांच्या खणात झोपेल. मी म्हणालो, मग फोटोच्या काचेच्या प्लेटा पाणी लागून खराब झाल्या तर मालकांना तुम्ही सांगा. झोपायला कोरडी खोली मिळाली. कारभारी म्हणे, सगळे फोटो मालकांचे. मी म्हणालो, दोन डझन प्लेटा त्याच्या स्वतःच्या, त्यावर तो काय वाटेल ते काढील. शेवटच्या खेपेला मी आणखी एक गोष्ट मिळवली. बोट ज्या ज्या बेटाला लागेल तिथे उस्मानला अर्धा दिवस मोकळीक. कारभारी हात जोडून म्हणाला, "राघूशेठ, तुम्हालाच का नाही नेत फोटो काढायला?"

हे मी कशासाठी मिळवले तेही सांगतो. नाशिकच्या लोकांनी फार तर मुंबईचा समुद्र पाहिलेला, तोही चौपाटीवर पाय भिजवून. नारळीची रांग, पांढरी वाळू, लांब उभी असलेली बोट, असे मोठे फोटो सोनेरी पट्टीच्या चौकटीत बसवले तर गावातल्या प्रत्येक वकिलाच्या दिवाणखान्यात एकेक लागेल हे मला दिसत होते. उस्मानला मी ते नीट समजावून सांगितले. "दोन डझन समुद्र," मी म्हणालो, "एकही कमी नको." तो मान हलवत होता. पण त्याच्या तोंडावर एक हसू होते, ते मी तेव्हा ओळखायला हवे होते.

बोटीवरून त्याची दोन पत्रे आली. पहिल्यात लिहिले होते की इथे प्रत्येक साहेबाच्या आणि मडमेच्या गळ्यात छोटा कॅमेरा असतो आणि दिवसभर टकटक चालू असते. हा आपली तिवई उभारून काळ्या कापडात डोके घालतो तेव्हा ते याचाच फोटो काढतात. "मालकांना रोज कठड्याला टेकवून काढतो," त्याने लिहिले होते, "एकदा टोपी घालून, एकदा टोपी हातात धरून. समुद्र मागे तोच असतो, पण मालकांना वाटते रोज वेगळा आहे." दुसरे पत्र बार्बाडोस बेटाहून होते. त्यात समुद्राच्या रंगाचे वर्णन होते, मोरपिसासारखा, मग कच्च्या पेरूसारखा, किनाऱ्याजवळ दुधात हिरवे पडल्यासारखा. मी उलट टपालाने लिहिले, रंग प्लेटवर येत नाही, आकार घेऊन ये. ते पत्र त्याला मिळाले की नाही, देव जाणे.

तो परत आला तेव्हा माझ्या दुकानात चोवीस चौकटी कापून, घासून, पट्टी लावून उभ्या होत्या. त्याने छाप काढले आणि माझ्या ओट्यावर मांडले. मी पहिला पाहिला. एक काळासावळा म्हातारा, विलायती विजार, डोक्याला मुंडासे, मागे चादर, शेजारी रिकामी खुर्ची. दुसरा पाहिला. बाई, चादर, रिकामी खुर्ची. तिसरा, चौथा... चोवीसच्या चोवीस. एकात समुद्राचा थेंब नाही. नारळीची एक झावळी चादरीच्या कडेने डोकावत होती, तीही त्याने कुंचल्याने पुसलेली. माझे डोके फिरले. गल्लीतले सगळे दुकानदार ऐकत होते. मी म्हणालो, "अर्धे फोटो काढायला सात समुद्र ओलांडलेस? चादर आपल्या पेठेत मिळत नव्हती?" तो म्हणाला, "शेठ, बसा तर. सांगतो." मी बसलो नाही. मी त्याला चौकटी एकेक करून दाखवत होतो, ही या मापाची, ही या मापाची. तो दोनदा म्हणाला, "सांगतो." मग त्याने छाप गोळा केले, चादरीत बांधल्यासारखे धोतराच्या जुन्या फडक्यात बांधले आणि रस्ता ओलांडून गेला. मला वाटले संध्याकाळी येईल. त्याला वाटले असेल मी जाईन.

पंधरा दिवसांनी मी माझ्या दुकानातून पाहिले, तो आपल्या फोटोच्या खुर्चीचे पाय करवतीने कापत होता. चांगली शिसवी खुर्ची, आम्ही दोघांनी लिलावात घेतलेली. एक सुतळी लावून मोजी, दोन बोटे कापी, पुन्हा मोजी. सगळी गल्ली हसत होती. मी मोठ्याने म्हणालो, "आता खुर्च्याही अर्ध्या करतोय." त्याने ऐकले, मान वर केली नाही, सुतळी लावून चौथा पाय कापला.

हे सगळे घेऊन मी शोकसभेतून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमिनाभाभीकडे गेलो. म्हणालो, "भाभी, काल मी उठायला पाहिजे होतं." ती दारामागे उभी होती. म्हणाली, "काल कशाला, राघूभाऊ? चार वर्षांपूर्वी बसायला पाहिजे होतं. तुम्ही विचारलंच नाही." मग तिने मला आत बोलावले, पाणी दिले आणि एक पत्र्याची पेटी पुढे सरकवली. पेटीत त्या चोवीस प्लेटा होत्या, प्रत्येक कागदी पाकिटात, आणि पाकिटावर उस्मानच्या अक्षरात लिहिलेले. माणसाचे नाव, त्याचे मूळ गाव, आणि खाली एक ओळ, खुर्ची कोणाची. 'खुर्ची आईची.' 'खुर्ची थोरल्या भावाची, असला तर.' 'खुर्ची बायकोची, पहिल्या.' मी तीन पाकिटे वाचली आणि पुढची वाचता येईनात.

भाभीने सांगितले ते असे. जायच्या महिनाभर आधी वणीची एक म्हातारी, गिरजाबाई नावाची, दुकानात आली होती. देवीच्या गडाच्या पायथ्याशी ती खण-नारळ विकते. फोटोवाला पश्चिमेच्या बेटांना जाणार हे तिने कोणा यात्रेकरूकडून ऐकलेले. तिचा धाकटा भाऊ कोंडाजी तीस वर्षांपूर्वी घरात भांडून रेल्वेच्या मजुरांबरोबर पूर्वेकडे गेला, तिथून कलकत्त्याला, आणि तिथे दलालाने त्याला उसाच्या मळ्यावर करार करून बोटीत चढवले. त्रिनिदाद नावाच्या बेटावरून त्याचे एकच पत्र आलेले, कोणीतरी हिंदीत लिहून दिलेले. ते घडी पडून फाटलेले पत्र तिने उस्मानपुढे ठेवले आणि म्हणाली, "माझ्याच्यानं जाववत नाय, त्याच्याच्यानं येववत नाय. आमाला एकदा शेजारी बसव. तू बसवतो म्हन लोकांना."

तेव्हा त्या दोन डझन प्लेटांतली एक गिरजाबाईची झाली होती, बोट निघायच्या आधीच. आणि मी मिळवून दिलेले अर्धे दिवस? त्याने त्यांचा सौदा केला. आयुष्यात त्याने केलेला तो एकच सौदा. कारभाऱ्याला म्हणाला, बाकीच्या सगळ्या बेटांवर मी खाली उतरणार नाही, मालक म्हणतील तितके फोटो काढीन, त्या बदल्यात मला त्रिनिदादला सबंध दोन दिवस द्या. जमेकाचे डोंगर, बार्बाडोसची वाळू, सगळे त्याने बोटीच्या कठड्यावरून जहागीरदारांच्या टोपीमागे पाहिले. मी असतो तर त्याला मूर्ख म्हणालो असतो. म्हणालोच होतो.

त्रिनिदादला तो आगगाडीत बसून पत्रातल्या मळ्यावर गेला. कोंडाजी सापडला. केस पिकलेले, बायको तिथलीच केलेली, मुले मराठी न येणारी. बहिणीचे नाव काढल्यावर तो आत जाऊन तोंड धुऊन आला. उस्मानने अंगणात चादर टांगली, घरातल्या दोन खुर्च्या मांडल्या आणि विचारले, "बहीण कुठल्या बाजूला बसेल?" कोंडाजीने दोन्ही खुर्च्यांकडे पाहिले. मग म्हणाला, "मोठी हाय ती. उजव्या अंगाला ठेव तिला." आणि बसल्यावर त्याने आपला हात त्या रिकाम्या खुर्चीच्या दांड्यावर टाकला. उस्मान म्हणाला, हात घ्या, जोडायला अवघड जाईल. तो म्हणाला, "तुझं तू बघ. हात राहू दे." उस्मानने त्या खुर्चीची उंची सुतळीला गाठी मारून घेतली. घरी येऊन त्याने जी खुर्ची कापली ती त्या सुतळीने कापली, आणि तिच्यावर गिरजाबाईला बसवून उरलेला अर्धा फोटो काढला.

फोटो काढून होईतो मळ्यावर बातमी पसरली की हिंदुस्थानातून फोटोवाला आला आहे आणि तो खुर्ची रिकामी ठेवतो. संध्याकाळपर्यंत रांग लागली. उत्तरेकडची माणसे, भोजपुरी बोलणारी, हिंदू, मुसलमान, दोन-तीन मद्राशी. उस्मानने सगळ्या प्लेटा तिथेच संपवल्या. ज्या माझ्या समुद्राच्या होत्या त्या. परत आल्यावर त्याने पाकिटांवरच्या गावांना पत्रे घातली, हिंदीत, उर्दूत, की तुमचा माणूस आहे, जवळच्या फोटोवाल्याकडे जाऊन अमुक उंचीच्या खुर्चीवर, पांढऱ्या चादरीपुढे बसा आणि फोटो मला पाठवा. पाचसहा ठिकाणांहून आले, ते जोडून त्याने बेटावर आणि त्या त्या गावी पाठवले. बाकीची पत्रे परत आली किंवा आलीच नाहीत. पण तो दर वर्षी नव्याने लिहीत होता. जे फोटो वकीलसाहेबांनी छडीने दाखवले ते हे, अजून वाट पाहणारे. कॅमेरा कुठे रोखावा हे न कळलेल्या माणसाने काढलेले.

मी तडक वकीलसाहेबांच्या कचेरीत गेलो. पक्षकार बसले होते, त्यांच्यादेखत सगळे सांगितले. आवाज चढला असेल, मला आठवत नाही. ते शांतपणे म्हणाले, "राघूशेठ, गोष्ट हृद्य आहे. पण पुरा झालेला एक फोटो आणा. तो वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आणू, म्हणजे सगळ्यांचे समाधान होईल." एका मेलेल्या माणसाने आता पुरावा द्यायचा. तरी मी म्हणालो, आणतो. भाभीकडे पुऱ्या झालेल्या जोडफोटोंच्या प्लेटा होत्या, पण त्या सगळ्या मागच्या पावसाळ्यात बुरशीने गेलेल्या. भावाबहिणीच्या जोडाचे उस्मानने दोनच छाप काढले होते, एक कोंडाजीला गेला, एक वणीला. मी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने वणी गाठली.

गिरजाबाईचे घर म्हणजे एक खोली आणि पुढे सारवलेला ओटा. फोटो आत देवाच्या कोनाड्याशेजारी टांगलेला. मी दारातूनच पाहिला आणि पुढे जाऊन अगदी जवळून पाहिला. म्हातारी बहीण भावाच्या उजव्या अंगाला ताठ बसलेली, पदर कानांवरून घेतलेला, शेजारी म्हातारा भाऊ. त्याचा हात तिच्या खुर्चीच्या दांड्यावर, आणि तिचा हात त्याच्या हाताला लागेल न लागेल असा. समुद्रापलीकडचा उजेड आणि नाशिकचा उजेड एकाच अंगाने पडलेला. जोड कुठे आहे ते मी पुष्कळ शोधले. आणि चौकट माझ्या दुकानातली नव्हती. जत्रेतली पत्र्याची, कोपरे उसवलेली, काच ढिली. रस्त्याच्या पलीकडे माझे दुकान असून त्याला जत्रेतली चौकट घ्यावी लागली... ते मी कोणावर ढकलू?

गिरजाबाई नारळांच्या पाटीशी बसून सगळे बघत होती. मी म्हणालो, "आजी, हा फोटो मला दोन दिवस द्या. वर्तमानपत्रात छापून आणतो. सगळ्या जिल्ह्याला दिसेल."

"जिल्ह्याला काय करायचंय? जिल्ह्यानं त्याला कधी पायलाय?"

"फोटोवाल्यासाठी म्हणतो. लोक त्याला हसले."

"हसू दे. हसून त्यांचं पोट भरत आसंल तर."

मी माझ्या धंद्यातले सगळे करून पाहिले. सागवानी चौकट, सोनेरी पट्टी, नवी काच, सगळे फुकट करून देतो म्हणालो. ती म्हणाली, इथं कर. हत्यारे नाशकात आहेत म्हणालो, तर म्हणाली, मग घेऊन ये. मी खिशातले घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवले, फोटो परत येईपर्यंत हे तुमच्याकडे राहू द्या. तिने ते उलटसुलट करून पाहिले, कानाला लावले आणि माझ्या हातात परत दिले. "लय टकटक करतंय," म्हणाली. मग पदराने फोटोची काच पुसत म्हणाली, "तीस वर्सांनी घरी आलाय तो, बाबा. आता त्याला कुठंच धाडायचा नाय. दोन दिवस नाय, एक दिवस नाय."

तीस वर्षे मी या जिल्ह्यातल्या माणसांशी भाव करतो आहे. घड्याळ खिशात टाकून मी परतीची मोटार पकडली.

पुढच्या आठवड्यात मी सागवानाच्या चार पट्ट्या, काच, सरस आणि हातोडी घेऊन पुन्हा वणीला गेलो आणि तिच्या ओट्यावर बसून चौकट केली. दोन तास लागले. तेवढा वेळ फोटो तिच्या मांडीवर होता. एकदा मी माप घ्यायला मागितला आणि जमिनीवर ठेवू लागलो तर तिने माझे मनगट धरले. "खाली नको," म्हणाली. "मानसं बसल्यात." मग माप मी तिच्या मांडीवरच घेतले.

तेव्हा वकीलसाहेब, या लेखाबरोबर फोटो नाही. वर्तमानपत्राच्या संपादकांनी जागा ठेवली होती, ती रिकामीच जाईल. तुम्हाला आणि तुमच्याबरोबर हसलेल्या सगळ्यांना तो पाहायचा असेल तर वणीला सर्व्हिस मोटार रोज जाते. गडाच्या पायथ्याशी नारळवाल्या गिरजाबाईचे घर कोणीही दाखवील. कॅमेरे बाहेर ठेवा, जोडे ओट्याखाली काढा, आणि आत गेलात की जोड शोधून दाखवा.